एन्क्रिप्टेड फाइलचा पासवर्ड विसरल्यास: स्वतः शोधावा, जाणकाराकडे द्यावा, की फाइल ठेवून द्यावी?

एन्क्रिप्ट केलेल्या फाइलचा पासवर्ड काही केल्या आठवत नाही, अशा वेळी चार मार्ग उरतात. फाइलमधला मजकूर अन्यत्र उघड्या स्वरूपात शिल्लक आहे का, हे पाहता येते. आठवणीच्या आधारे स्वतःच्या संगणकावर पासवर्ड शोधता येतो. ते काम पैसे देऊन जाणकाराकडे सोपवता येते. आणि यांपैकी काहीच जमण्यासारखे नसेल, तर फाइल तूर्त जपून ठेवता येते. बहुतेक जण मात्र ‘यासाठी चांगले सॉफ्टवेअर कोणते?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. माझ्या मते तो प्रश्न बराच नंतरचा आहे. फाइल कोणत्या पद्धतीने कुलूपबंद केली आहे आणि पासवर्डविषयी तुम्हाला नेमके काय व किती आठवते, या दोन गोष्टींवरच कोणता मार्ग धरावा हे ठरते. सॉफ्टवेअर, यंत्राची ताकद आणि पैसा यांचा विचार त्यानंतर येतो. पुढील तुलना याच क्रमाने केली आहे. ती स्वतःच्या फाइलसाठी किंवा मालकाने स्पष्ट संमती दिलेल्या फाइलसाठी आहे, हे सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे.

कोणत्याही मार्गाला लागण्यापूर्वी आज, आत्ता एक काम करावे. पासवर्डविषयी जे काही आठवते ते कागदावर लिहून काढावे: साधारण लांबी, तो कधी ठेवला, त्या काळात दुसरीकडे कोणते पासवर्ड वापरत होता, अंक शेवटी असत की मध्ये, पहिले अक्षर मोठे ठेवण्याची सवय होती का. प्रत्येक आठवणीपुढे ‘खात्री’, ‘बहुतेक’ किंवा ‘नुसता अंदाज’ अशी नोंद करावी. याची घाई अशासाठी की, शंभर-दोनशे वेळा वेगवेगळे शब्द टाकून पाहिल्यावर मूळ आठवण कोणती आणि आपणच नंतर रचलेला अंदाज कोणता, यांतला फरक पुसट होतो. पुढे स्वतः प्रयत्न केला काय किंवा दुसऱ्याला दिला काय, खरे भांडवल हा कागदच असतो.

अडचण खरोखर पासवर्डचीच आहे का?

पासवर्ड बरोबर असूनही फाइल उघडत नाही, असे वाटते त्याहून अधिक वेळा घडते. फाइली व डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या व्हेराक्रिप्ट या प्रोग्रॅमचे उदाहरण घ्या. त्याचा पूर्वज असलेल्या ट्रूक्रिप्टचा विकास मे २०१४ मध्ये थांबला आणि पुढे अनेकांनी ट्रूक्रिप्टची जुनी व्हॉल्यूम (एन्क्रिप्ट केलेल्या तिजोरीवजा फाइली किंवा डिस्क) व्हेराक्रिप्टमध्ये उघडण्यास सुरुवात केली. परंतु २०२३ मध्ये आलेल्या १.२६ मालिकेपासून व्हेराक्रिप्टने ट्रूक्रिप्टची सुविधा काढून टाकली आहे. त्यामुळे अद्ययावत आवृत्तीत जुनी व्हॉल्यूम बरोबर पासवर्ड देऊनही उघडत नाही आणि समोर दिसणाऱ्या संदेशावरून दोष पासवर्डचा आहे असेच वाटते. अशा वेळी १.२५.९ ही आवृत्ती वापरून पाहणे हा संपूर्ण उपाय ठरू शकतो. विंडोजमधील झिप उघडण्याची जुनी अंगभूत सुविधादेखील एईएस या मजबूत पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली झिप उघडू शकत नसे. तीच फाइल सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रॅममध्ये विनातक्रार उघडते.

फाइल अर्धवट डाउनलोड झालेली असणे, पेनड्राइव्हवरून उतरवताना खराब होणे, पासवर्डच्या जोडीला की-फाइल (किल्लीसारखी वापरलेली एखादी फाइल) वापरली होती याचा विसर पडणे, व्हेराक्रिप्टमध्ये पासवर्डसोबत द्यावा लागणारा पीआयएम नावाचा आकडा बदललेला असणे, ही कारणेही याच जातीची आहेत. फाइलची दुसरी प्रत असेल, तर दोन्हींचा आकार बाइटपर्यंत जुळवून पाहावा. पासवर्ड ठेवताना कीबोर्डची मांडणी वेगळी होती का, याचाही विचार करावा. पासवर्ड देवनागरीत असल्यास आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो: ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण जे सॉफ्टवेअर बाइट जसेच्या तसे वापरते, त्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे पासवर्ड असतात. फोनवरचा कीबोर्ड आणि संगणकावरचा कीबोर्ड यांत असा फरक पडू शकतो, म्हणून शक्य असल्यास ज्या उपकरणावर पासवर्ड ठेवला त्याच उपकरणावर तो टाकून पाहावा.

याच ठिकाणी एक तातडीची सूचना द्यायला हवी. व्हॉल्यूम किंवा फाइल या क्षणी एखाद्या संगणकावर उघडी असेल आणि पासवर्ड आठवत नसल्याचे तुमच्या आत्ताच लक्षात आले असेल, तर तो संगणक बंद करू नका, रीस्टार्ट करू नका. आधी सगळा मजकूर दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्या. लिनक्सवरील लक्स या डिस्क-एन्क्रिप्शन पद्धतीत तर डिस्क उघडी असताना, प्रशासकाचे अधिकार हाती असतील तर काही वेळा नवा पासवर्डही जोडता येतो.

कुलूप कोणते, यावर सर्वाधिक फरक पडतो

काही फाइलींवर असते ती केवळ अडवणूक. तिला एन्क्रिप्शन म्हणताच येत नाही. एक्सेलची फाइल उघडते, पण शीटमध्ये बदल करू देत नाही. पीडीएफ वाचता येते, पण छापता किंवा त्यातून मजकूर उचलता येत नाही. अशा वेळी मजकूर आधीच तुमच्या हाती असतो आणि तो बदलू न देण्याची जबाबदारी फक्त सॉफ्टवेअरने पाळायची असते. नव्या एक्सेलची फाइल ही मुळात झिप असते. तिच्या प्रतीतील एक्सएमएलमधून शीट-संरक्षणाचा टॅग काढला की अडवणूक संपते. पीडीएफच्या बाबतीत क्यूपीडीएफ हे मोफत साधन हे काम काही क्षणांत करते. इथे पासवर्ड शोधत बसणे किंवा कोणाला पैसे देणे पूर्णपणे अनावश्यक आहे. फाइल उघडण्यासाठीच पासवर्ड लागत असेल, तेव्हा मात्र खरे एन्क्रिप्शन असते.

त्यानंतर येतात ती कमकुवत कुलपे. इथे पासवर्ड कितीही लांब असला तरी मार्ग निघू शकतो, म्हणून पासवर्ड अजिबात आठवत नसलेल्या माणसाने सर्वांत आधी आपली फाइल या गटात बसते का, हे तपासावे. ऑफिस ९७ ते २००३ या काळातील वर्ड आणि एक्सेलच्या जुन्या फाइलींमध्ये मूळ सेटिंगनुसार आरसी४ या एन्क्रिप्शन पद्धतीची ४० बिटांची किल्ली वापरली जात असे. अशा एकूण किल्ल्या होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी. आकडा मोठा वाटतो, परंतु आजच्या यंत्रांना त्या सर्वच्या सर्व तपासणे शक्य आहे. पासवर्ड न शोधता थेट किल्ली शोधली जाते आणि ती सापडतेच. सुरुवातीच्या काळातील ४० बिटांच्या पीडीएफनाही हेच लागू होते.

जुन्या पद्धतीची झिप हे प्रकरण याहून रंजक आहे. तिच्या एन्क्रिप्शनला झिपक्रिप्टो म्हणतात. एली बिहाम आणि पॉल कोचर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले होते की, फाइलच्या आतील थोडासा मजकूर आधीच माहीत असेल, तर या पद्धतीच्या अंतर्गत किल्ल्या काढता येतात. बीकेक्रॅक हे आजचे मुक्त साधन याच तत्त्वावर चालते आणि त्याला किमान १२ बाइट माहीत असावे लागतात, त्यांपैकी ८ सलग. आता पीएनजी प्रकारच्या प्रत्येक चित्राची पहिली १६ बाइट ठरलेली असतात. म्हणजे झिपमध्ये एक जरी पीएनजी चित्र संकुचित न करता ठेवलेले असेल, तर तेवढ्या १६ बाइटांवर संपूर्ण झिप उघडण्याची शक्यता निर्माण होते, कारण एका झिपमधील फाइलींना सहसा एकच पासवर्ड दिलेला असतो आणि अंतर्गत किल्ल्या सापडल्या की त्या पासवर्डने बंद केलेले सगळेच खुले होते. संकुचित केलेल्या फाइलींच्या बाबतीत अट कठीण होते, कारण संकुचित झाल्यानंतरची बाइट माहीत असावी लागतात. तरीही झिपमधील एखादी फाइल तुमच्याकडे मूळ स्वरूपात सुटी उपलब्ध असेल, तर ती त्याच प्रोग्रॅमने आणि त्याच सेटिंगने पुन्हा झिप करून हा प्रयत्न करता येतो. पासवर्ड ओळखण्याच्या मानाने हा मार्ग इतका खात्रीचा आहे की, योग्य परिस्थिती असेल तर दुसऱ्या कशाचाही विचार करू नये. आपली झिप कोणत्या पद्धतीची आहे, हे सेव्हन-झिपमध्ये फाइल उघडून ‘मेथड’ या रकान्यात पाहता येते. तेथे झिपक्रिप्टो लिहिले असेल तर आशा आहे, एईएस लिहिले असेल तर हा मार्ग बंद आहे.

उरलेली सगळी कुलपे मजबूत आहेत. एईएस पद्धत व्यवहारात फोडता येत नाही, त्यामुळे पासवर्ड शोधण्याखेरीज गत्यंतर नसते. शिवाय प्रत्येक अंदाज तपासायला वेळ लागावा, अशी योजना मुद्दाम केलेली असते. ऑफिस २००७ मध्ये पासवर्डपासून किल्ली बनवताना ५०,००० फेऱ्या (त्याच गणिती क्रियेची पुनरावृत्ती) होतात, २०१० मध्ये १,००,०००, आणि २०१३ पासून तेवढ्याच फेऱ्या अधिक जड अशा एसएचए-५१२ या गणिती क्रियेने. विनझिप पद्धतीच्या एईएस झिपमध्ये केवळ १,००० फेऱ्या असतात, रार५ या फाइलप्रकारात मुळात ३२,७६८, तर सेव्हन-झिपच्या स्वतःच्या ७झेड प्रकारात ५,२४,२८८. व्हेराक्रिप्टच्या साध्या व्हॉल्यूमसाठी हा आकडा ५,००,००० आहे. ट्रूक्रिप्टमध्ये तो १,००० किंवा २,००० होता. किल्ली बनवण्यासाठी आर्गॉन२ ही क्रिया वापरणाऱ्या पद्धती, म्हणजे लक्सची दुसरी आवृत्ती किंवा काही पासवर्ड-तिजोऱ्या, वेळेबरोबर भरपूर मेमरीही मागतात, त्यामुळे एरवी एकाच वेळी अनेक अंदाज तपासणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा तेथे फारसा उपयोग होत नाही.

या आकड्यांचा निर्णयाशी थेट संबंध आहे. एकच माणूस, तेवढीच आठवण आणि तेच यंत्र असताना एईएस झिपवर एका दिवसात जेवढे अंदाज तपासून होतील, तेवढ्यांसाठी ७झेडवर कित्येक महिने जातील. म्हणून ‘अमक्याचा पासवर्ड दोन तासांत सापडला’ ही हकिगत ऐकून आपल्या फाइलविषयी काहीही अनुमान काढू नये.

आठवण विरुद्ध यंत्राची ताकद

समजा, तुमच्या फाइलवर सेकंदाला १०,००० अंदाज तपासता येतात. नव्या ऑफिस फाइलसाठी चांगले ग्राफिक्स कार्ड असल्यास हे गृहीत वाजवी आहे. पासवर्ड आठ अक्षरांचा आहे, सगळी लहान रोमन अक्षरे आहेत, एवढेच माहीत असेल तर २०,८८३ कोटी शक्यता होतात आणि त्या सर्व तपासायला सुमारे २४२ दिवस लागतात. त्याच आठ जागांवर लहान-मोठी अक्षरे, अंक आणि चिन्हे यांपैकी काहीही असू शकत असेल, तर लागणारा काळ २१,००० वर्षांच्या आसपास जातो. शंभरपट वेगवान यंत्रणा भाड्याने घेतली तरी तो दोन शतकांखाली येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. समजा, पासवर्डमध्ये ‘वीणा’ हे नाव रोमन लिपीत होते एवढे नक्की आठवते, त्यापुढे एक वर्ष होते आणि बहुधा एखादे चिन्ह होते. रोमनमध्ये ‘व’ व्हीने किंवा डब्ल्यूने, दीर्घ ‘ई’ दोन ई लिहून किंवा एका आयने, शेवटचा ‘आ’ एक ए किंवा दोन ए लिहून, अशी आठ स्पेलिंगे होतात. ती सगळी लहान अक्षरांत, पहिले अक्षर मोठे ठेवून आणि सगळी मोठ्या अक्षरांत लिहिली तर २४. तीस वर्षांपैकी कोणतेही वर्ष, चार अंकी किंवा दोन अंकी, म्हणजे ६० पर्याय. इथवर १,४४० झाले. सहा नेहमीची चिन्हे सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी, आणि चिन्ह नसण्याची एक शक्यता, असे १९ पर्याय धरले तर एकूण यादी २७,३६० पासवर्डांची होते. सेकंदाला १०,००० च्या वेगाने ही यादी तीन सेकंदांत संपते. सेकंदाला फक्त १० अंदाज तपासू देणाऱ्या अत्यंत जड कुलपावरही ती ४६ मिनिटांत संपते, तेही कोणतेही खास यंत्र न घेता.

पासवर्ड ठेवताना टंकनात एक चूक झाली असेल, ही शक्यताही याच यादीवर चढवता येते. दहा अक्षरांच्या पासवर्डमधील कोणतेही एक अक्षर चुकून दुसरेच पडले असेल, असे धरले तर प्रत्येक पासवर्डची ९४० रूपे होतात आणि यादी २,५७,१८,४०० वर जाते. वेगवान बाजूला हे पाऊण तासाचे काम आहे. जड कुलपावर मात्र सुमारे ३० दिवसांचे. म्हणून जड कुलूप असेल तर आधी बिनचूक रूपे, मग केवळ शेजारच्या कळा दाबल्या गेल्याने होणाऱ्या चुका, आणि सर्वांत शेवटी बाकीच्या, असा क्रम लावावा. हलक्या कुलपासाठी एवढी काटकसर करण्याची गरज नाही.

आठवणीला इतके महत्त्व देताना तिच्यावर डोळे झाकून विसंबणेही बरे नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात अभियंता जो ग्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्याने ४३.६ बिटकॉइन असलेल्या वॉलेटचा २० अक्षरी पासवर्ड शोधला. तो रोबोफॉर्म या प्रोग्रॅमने तयार केलेला होता आणि त्याच्या जुन्या आवृत्तीतील यादृच्छिकता संगणकाच्या घड्याळावर अवलंबून असल्याने हे शक्य झाले. मालकाच्या त्या काळातील इतर पासवर्डांवरून विशेष चिन्हे असतीलच असे धरले गेले, कालावधीही विशिष्ट धरला गेला, आणि दोन्ही अंदाज चुकले. प्रत्यक्षात पासवर्ड १५ मे २०१३ चा निघाला आणि त्यात एकही विशेष चिन्ह नव्हते. कागदावरील ‘खात्री’ आणि ‘बहुतेक’ हा फरक म्हणूनच इतका महत्त्वाचा आहे: यादी संपूनही काही सापडले नाही, तर कोणते गृहीत आधी सैल करायचे हे त्यावरून ठरते.

याउलट, पासवर्ड एखाद्या चांगल्या व्यवस्थापकाने यादृच्छिक रीतीने बनवलेला होता, तो दुसरीकडे कोठेही साठवलेला नाही आणि कुलूप मजबूत आहे, अशी स्थिती असेल तर स्वतः शोधणे आणि दुसऱ्याला देणे हे दोन्ही मार्ग बाद समजावेत. हे सांगताना वाईट वाटते. परंतु अशा माणसाने पैसे खर्च करू नयेत, हे त्याला स्पष्ट शब्दांत कोणीतरी सांगायला हवे.

पासवर्डऐवजी मजकूर शोधणे

हा मार्ग सर्वांत दुर्लक्षित आणि अनेकदा सर्वांत स्वस्त असतो. झिप बनवण्यापूर्वी त्यातील फाइली उघड्या होत्याच. त्या कोठून आल्या हे आठवावे. ज्याला ती फाइल पाठवली त्याच्याकडे उघडलेली प्रत असू शकते. क्लाउडवरील फाइलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये पासवर्ड लावण्यापूर्वीची प्रत सापडू शकते. बाहेरच्या डिस्कवरील जुना बॅकअप, कॅमेऱ्याचे कार्ड, जुन्या फोनमधील पाठवलेले संदेश हेही तपासावेत. फाइल पाठवताना पासवर्ड वेगळ्या ईमेलने किंवा संदेशाने कळवण्याची पद्धत असते, त्यामुळे फाइल ज्या दिवशी पाठवली त्या दिवसाच्या मागेपुढे सर्व माध्यमांतील संदेश पाहणे उपयोगी पडते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही पाहावेत. नेमका तोच पासवर्ड नसला तरी त्या काळातील घडण कळते आणि ती आठवणीच्या कागदावर जाते.

मूळ फाइली झिप केल्यानंतर डिलीट केल्या असतील, तर त्या परत मिळवण्याची शक्यता डिस्कच्या प्रकारावर अवलंबून असते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर, त्या जागी नवे काही लिहिले गेले नसेल तर, डिलीट झालेली फाइल पुष्कळदा परत मिळते. एसएसडीवर ट्रिम (डिलीट केलेल्या फाइलींची जागा मोकळी करण्याची सोय) चालू असल्याने ती शक्यता फारच कमी असते. पहिल्या प्रकारात त्या डिस्कवर काहीही नवे लिहिणे ताबडतोब थांबवावे, अगदी फाइल परत मिळवण्याचे सॉफ्टवेअरही त्याच डिस्कवर टाकू नये.

व्हेराक्रिप्ट वापरणाऱ्यांसाठी यात एक खास संधी असते. पासवर्ड मध्यंतरी बदलला असेल, नवा विसरला असेल, पण जुना आठवत असेल आणि त्या काळात हेडरचा (व्हॉल्यूमच्या सुरुवातीच्या, किल्ली असलेल्या भागाचा) बॅकअप घेतलेला असेल, तर तो बॅकअप परत बसवून जुन्या पासवर्डने व्हॉल्यूम उघडते. संपूर्ण डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने बंद असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली आहे का, हे पाहावे. बहुतेक वेळा प्रश्न तेथेच सुटतो.

स्वतः करणे आणि सेवा घेणे

वरील मार्गाने काही मिळाले नाही, कुलूप मजबूत आहे, पण आठवणीचा कागद बऱ्यापैकी भरलेला आहे, अशा माणसापुढेच खरे तर ही निवड येते.

स्वतः करायचे तर जॉन द रिपर आणि हॅशकॅट ही दोन साधने पुरेशी आहेत. पहिले १९९६ पासून वापरात आहे, दुसरे डिसेंबर २०१५ पासून मुक्तस्रोत आहे आणि ग्राफिक्स कार्डाची ताकद उत्तम वापरते. काम दोन टप्प्यांत होते. जॉनसोबत येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, उदाहरणार्थ ऑफिससाठी ऑफिसटूजॉनने, फाइलमधून पडताळणीपुरती माहिती काढायची, जिला व्यवहारात हॅश म्हणतात. आणि नंतर तुमची यादी, किंवा यादी बनवण्याचे नियम, त्या हॅशवर चालवायचे. ऑफिस २०१३ व नंतरच्या फाइलसाठी हॅशकॅटमध्ये ९६०० हा मोड (कुलपाचा प्रकार सांगणारा क्रमांक) आहे. दोन्ही साधने कमांड लाइनवर चालतात आणि पहिली ओळख अवघड वाटते, यात शंका नाही. त्यामुळे आधी त्याच प्रोग्रॅमने एक नवी फाइल बनवावी, तिला माहीत असलेला पासवर्ड द्यावा आणि संपूर्ण प्रक्रिया तिच्यावर चालवून तो पासवर्ड सापडतो का, हे पाहावे. ही चाचणी टाळली, तर आठवडाभर यंत्र चालवूनही ‘सापडला नाही’ या उत्तराचा अर्थ लागत नाही, कारण पासवर्ड यादीत नव्हता की मोडच चुकला होता, हे सांगता येत नाही. झिपच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी: जुन्या झिपची प्राथमिक पडताळणी एका बाइटवर होते, त्यामुळे दर २५६ चुकीच्या पासवर्डांपैकी साधारण एक तेथून पुढे सरकतो, एईएस झिपमध्ये हे प्रमाण ६५,५३६ मध्ये एक असे आहे. फाइल पूर्ण उघडून पाहिल्याखेरीज सापडलेला पासवर्ड खरा मानू नये.

स्वतः करण्याचा सर्वांत मोठा फायदा पैशांचा नाही, आठवणीचा आहे. यादी चालत असताना ‘त्या वेळी आपण शून्याऐवजी ओ अक्षर वापरत असू’ असे काहीतरी सुचते आणि लगेच नवा नियम जोडता येतो. दुसऱ्याला दिलेल्या कामात ही देवाणघेवाण संथ होते. शिवाय आठवणीतले शब्द खाजगी असतात. ते अनोळखी माणसाला सांगताना संकोचाने गाळले जातात आणि नेमका गाळलेला शब्दच महत्त्वाचा असू शकतो.

सेवा घेणे तेव्हा योग्य ठरते, जेव्हा यादी कोट्यवधींची आहे, कुलूप जड आहे आणि फाइलची किंमत, मग ती पैशांतली असो वा भावनिक, खर्चाला साजेशी आहे. अशा वेळी तुम्ही पैसे मोजता ते अनेक ग्राफिक्स कार्डांसाठी आणि अनुभवाने रचलेल्या नियमांसाठी. यादी तुम्हाला स्वतः बनवता येत असेल आणि कमतरता केवळ यंत्राची असेल, तर तासाच्या हिशेबाने क्लाउडवर यंत्र भाड्याने घेणे हा मधला मार्ग आहे. माझा कल बहुतेक वेळा त्याकडेच असतो.

सेवा निवडताना ती तुमच्याकडून काय मागते, हे सर्वांत आधी पाहावे. ऑफिस किंवा पीडीएफ फाइलच्या हॅशमध्ये तुमचा मजकूर नसतो, म्हणून चांगली सेवा केवळ हॅश मागते आणि फाइल तुमच्याकडेच राहते. व्हेराक्रिप्टसाठी व्हॉल्यूमच्या सुरुवातीची ५१२ बाइट पुरतात. इथे लक्षात ठेवायचे ते एवढे की, पासवर्ड सापडल्यावर तो सेवेलाही कळतो, आणि व्हेराक्रिप्टच्या हेडरमध्येच मुख्य किल्ली असल्यामुळे पूर्ण व्हॉल्यूम त्यांच्या हाती कधीही देऊ नये. ७झेड व झिप यांच्या हॅशमध्ये मात्र एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराचा काही भाग, लहान फाइल असल्यास संपूर्ण मजकूरही, जाऊ शकतो. आतील कागदपत्रे संवेदनशील असतील तर हे प्रकार घरीच हाताळलेले बरे. तोच पासवर्ड दुसऱ्या कोणत्या खात्याला असेल, तर हॅश देण्यापूर्वी त्या खात्याचा पासवर्ड बदलावा.

यशस्वी झाल्यावरच मोबदला घेणारी सेवा ही आगाऊ रक्कम घेणाऱ्या सेवेपेक्षा निर्विवाद बरी. कुलूप कोणते आणि आठवते काय, हे न विचारताच यशाची हमी देणारा माणूस एकतर अजाण आहे किंवा फसवतो आहे. ‘आम्ही एईएस फोडतो’ असे सांगणाऱ्याशी पुढे बोलूच नये.

फाइल अपलोड करा आणि पासवर्ड काढून घ्या, असे सांगणारी मोफत संकेतस्थळे मी या तुलनेत गंभीर पर्याय म्हणून धरत नाही. वर सांगितलेली केवळ अडवणुकीची कुलपे ती काढू शकतात, पण ते काम घरच्या संगणकावर होते, आणि खऱ्या एन्क्रिप्शनपुढे ती नेहमीचे पासवर्ड टाकून पाहण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाहीत. दरम्यान तुमची फाइल मात्र अनोळखी ठिकाणी पोहोचलेली असते.

पासवर्ड फाइलचा नसून एखाद्या उपकरणाचा असेल, तर ही सगळी तुलना लागू होत नाही. फाइलच्या प्रतीवर कितीही वेळा प्रयत्न करता येतो. आयर्नकी या पेनड्राइव्हसारखे उपकरण मात्र दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर आतील माहिती कायमची पुसते. ७,००२ बिटकॉइनची किल्ली अशा उपकरणात अडकलेल्या स्टीफन थॉमस यांचे आठ प्रयत्न संपले होते, हे २०२१ मध्ये जगभर वाचले गेले. उपकरणाच्या बाबतीत एकही अंदाज हाताने टाकण्यापूर्वी जाणकाराला विचारावे.

ठेवून देणे

हा पराभव मानला जातो. मला तसे वाटत नाही. आठवण पुरेशी नाही, कुलूप मजबूत आहे आणि मजकुराची निकड नाही, अशा स्थितीत ठेवून देणे हाच विचारपूर्वक निर्णय असतो, कारण आठवण कधीकधी अनपेक्षितपणे परत येते, जुनी वही सापडते, यंत्रे वेगवान होतात. मात्र ठेवून देणे म्हणजे तशीच सोडून देणे नव्हे. फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यांचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक) लिहून ठेवावा, म्हणजे काही वर्षांनी फाइल खराब झाली नसल्याची खात्री करता येईल. ज्या आवृत्तीने ती बनवली त्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलरही सोबत ठेवावा. ट्रूक्रिप्टची व्हॉल्यूम असणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. की-फाइल असण्याची शक्यता असेल, तर त्या काळातील छायाचित्रे आणि गाणीसुद्धा मूळ स्वरूपातच जपावीत, कारण छायाचित्र पुन्हा सेव्ह झाले किंवा गाण्याची माहिती दुरुस्त केली, तरी त्यांची बाइट बदलू शकतात आणि ती फाइल मग की-फाइल म्हणून चालत नाही. आठवणीचा कागद आणि आजवर तपासून झालेल्या याद्या व नियम यांची तारीखवार नोंद त्याच फोल्डरमध्ये, पण अर्थातच पासवर्ड न लावता, ठेवावी.